रविवारचा गोल्फ

१२ जून

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं ते सुचलं नाही. 'अहो' ही समोरच्या माणसाला मारायची हाक आहे, आणि दुसरं काही लिहायला मन होत नाही. म्हणून तशीच सुरुवात करते.

रक्तदाबाच्या गोळ्या, जाड मोजे आणि वाचायचा चष्मा तुमच्या ताईंच्या पत्त्यावर पाठवला आहे. चष्म्याची काडी सैल झाली होती, ती घट्ट करून दिली. गोल्फचं पुस्तक पाठवलेलं नाही आणि पाठवणारही नाही. का, ते सांगते.

तुम्ही लिहिता, "तू माझ्यावर पाळत ठेवलीस. नवरा-बायकोच्या नात्यात हे शोभत नाही." हे वाचलं आणि पत्र ओट्यावर ठेवून मी खाली आपल्या फोटो-चौकटींच्या दुकानात गेले. एक अख्खी काच कापली, कुणाच्या फोटोला नको असताना. हातांना काहीतरी काम हवं होतं. मग वर येऊन पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती. नवरा-बायकोचं नातं, आणि शोभणं, हे दोन्ही शब्द तुम्ही एकाच ओळीत लिहिलेत. मास्तरांच्या हाताला सवय असते, दुसऱ्याच्या वहीत लाल रेघ मारायची.

पाळत मी ठेवली नाही. झालं ते असं.

हिवाळ्यात माझा उजवा खांदा धरला होता, आठवत असेल. खांद्याच्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला, हात लोंबता सोडून पुढे-मागे झुलवायचा. कंटाळवाणं काम. एकदा तुमच्या टेबलावर ते पुस्तक उघडं पडलं होतं. पांढरी टोपी घातलेला तो खेळाडू, खांदे वळवलेले, कंबर अर्धी फिरलेली, आणि त्याच्याभोवती बाण काढलेले. मला वाटलं, हाच व्यायाम आहे की, फक्त हातात काहीतरी धरून केलेला. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "करा, पण हळू. बक्षीस मिळवायचं नाहीये."

तुम्ही दुपारी झोपलात की मी पुस्तक खाली न्यायचे. पहिला धडा पकडीचा. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये जो कोन होतो, त्याचं टोक उजव्या खांद्याकडे दाखवायला हवं, दोन्ही हातांचं. मी ते छत्रीवर करून पाहिलं. मग जुन्या सामानाच्या दुकानातून सात नंबरची लोखंडी काठी आणली आणि मागच्या अंगणात दोरीवर जुना गालिचा टांगून चेंडू मारायला लागले. पहिल्या दिवशी चेंडू जागचा हलला नाही, माती मात्र उकरली गेली. शेजारचा किल्लीवाला भिंतीवरून डोकावून म्हणाला, "बाई, बटाटे लावताय का?"

पण मला ते जमू लागलं. का जमलं तेही सांगते. काच कापताना हिरा दाबून धरला की काच भलतीकडेच तडकते. हात हलका हवा, आणि एकच रेघ, मनात शंका न ठेवता. पुस्तकातल्या त्या माणसाने तेच लिहिलं आहे, फक्त काचेऐवजी चेंडूबद्दल. 'मारल्यावर मान वर करू नका' या त्याच्या धड्याला मी सर्वांत जास्त दिवस घेतले. लिहितो, चेंडू कुठे गेला हे बघायची घाई झाली की तो तिथे जातच नाही.

तुम्ही रविवारी सकाळी टोपी घालून निघायचात तेव्हा मला बरं वाटायचं. नोकरी संपल्यावर पुरुष घरात कुढत बसतात. तुम्ही तसे झाला नाहीत. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. नुसतं चालण्यापेक्षा चेंडू तरी मारतो," म्हणायचात. मी ठरवलं की तुमच्या वाढदिवसाला, तो रविवारीच आला होता, मैदानावर येऊन उभं राहायचं. तुम्ही म्हणाल, "हे कुठे शिकलीस?" आणि मी म्हणेन, "तुमच्याच टेबलावर." यासाठी मी नवे बूट घेतले होते. ही माझी पाळत.

फाटकावरच्या माणसाला सांगितलं, भूगोलाचे एक निवृत्त मास्तर येतात ना, त्यांच्याकडे जायचंय.

तो म्हणाला, "आमच्या साहेबांचे वडील? आहेत की. सरावाच्या हिरवळीवर आहेत."

मी म्हटलं, "कोण साहेब?"

"हिरवळीचे साहेब. इथलं गवत सगळं तेच बघतात. दर रविवारी बापलेक असतात बघा. मोठी माया आहे."

मला वाटलं, त्याची गफलत झाली असेल, मास्तर काय जगात एकच असतो का. कुंपणाच्या झुडपांपाशी जाऊन पाहिलं. तुम्ही वाकून उभे होता. मागून कुणीतरी तुमचे खांदे धरून वळवत होतं. त्याची मान मला पाठमोरी दिसली. आईला मुलाची मान ओळखायला तोंड लागत नाही. तुम्ही काहीतरी बोललात आणि तो हसला. त्याचा तो आवाज, नाकातून येणारा, ज्यामुळे लहानपणी आपण त्याचं नाव भुंगा ठेवलं.

आपला भुंगा. जो कॉलेज अर्धवट सोडून जहाजावर गेला. मी माहेरी आईच्या उशाशी होते तेव्हा जो निघून गेला, आणि जाताना सांगून गेला की आईला म्हणावं मला शोधू नकोस. हे सगळं तुम्ही मला सांगितलंत. मला दुसरं कुणी सांगितलेलं नाही.

मी बसने परत आले. तुम्ही नेहमीच्या वेळी आलात, टोपी खुंटीला लावलीत, हात धुतलेत. जेवताना मी विचारलं, "आज कुणाबरोबर खेळलात?" तुम्ही म्हणालात, "आहेत दोन-चार पेन्शनर." मग मी विचारलं, "आपला भुंगा आता कुठल्या समुद्रात असेल हो?"

मी तुम्हाला वाट करून दिली होती. दार उघडून धरलं होतं, तुम्ही नुसतं बाहेर पडायचं होतं. पण तुम्ही उठलात, कपाटातून नकाशाचं मोठं पुस्तक काढलंत, पान उलटलंत आणि बोट ठेवलंत. म्हणालात, "या दिवसांत वारे अनुकूल असतात. इथे कुठेतरी असेल."

मी म्हणाले, "मी आज गोल्फच्या मैदानावर आले होते."

तुमचं बोट समुद्रातच राहिलं.

पाळत ठेवणारी बाई नवे बूट घालून जात नाही. एवढंच सांगायचं होतं.


२९ जून

तुमचं पत्र पोचलं. "आधी मी त्याच्याशी बोलतो, मग तू जा," असं लिहिलंत. ते येण्याआधीच मी जाऊन आले होते. आधी आलं असतं तरी गेले असते. निरोप्याचं काम तुम्ही भरपूर केलंत, आता विश्रांती घ्या.

मंगळवारी मैदान खेळणाऱ्यांना बंद असतं. तो वाळूच्या खड्ड्यात उभा राहून लांब दाताळ्याने वाळू सारखी करत होता. अंगावर मळकी खाकी, रापलेला चेहरा, कानाशी दोन-तीन केस पांढरे. या वयात. मी खड्ड्याच्या काठाशी उभी राहिले. त्याने वर पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाला, "तुम्ही इथे कशा?"

'तुम्ही' म्हणाला. मला, त्याच्या आईला. तापात, रागात, परीक्षेत नापास झाल्यावरही जो मला 'ए आई' म्हणायचा. सगळं ऐकायची तयारी करून गेले होते, फक्त एवढ्याची नव्हती.

मी म्हटलं, "तुला भेटायला आले."

"आता? का? बाबांना काही झालंय का?"

"बाबा ठणठणीत आहेत. आत्याकडे आहेत."

मग त्याने दाताळं खाली ठेवलं. म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, कॉलेज सोडणारा मुलगा मला मेला. मग मेलेल्याकडे कशाला येता?"

मी विचारलं, "हे मी कधी म्हणाले?"

"बाबांना म्हणालात."

"तुझ्या कानांनी ऐकलंस?"

मी काठावरच खाली बसले. म्हटलं, "मला सांगितलं गेलं की तू जहाजावर आहेस. मी तुला शोधू नये, असं तू म्हणालास. माझ्याकडे तुझा एवढाच निरोप आला."

त्याला जहाजाचं काही कळेना. दोनदा सांगावं लागलं. मग तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. म्हणाला, "मला तर होडीतसुद्धा मळमळतं."

मग एक एक बाहेर येत गेलं. नोकरी पक्की झाली तेव्हा त्याने तुमच्याजवळ निरोप दिला होता, आईला सांगा. कावीळ झाली तेव्हा दिला होता. इथल्या हिरवळीचा प्रमुख झाला तेव्हा दिला होता. "मग मी काय म्हणायचे?" मी विचारलं. म्हणाला, "तू काही बोलायची नाहीस. उठून आत जायचीस, म्हणे."

त्या एका वाक्यात तो 'तू'वर आला. त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

आणि स्वेटर. समुद्रावर थंडी असते म्हणून मी विणलेले दोन्ही स्वेटर, राखाडी आणि तपकिरी, जे तुम्ही 'ओळखीच्या खलाशाबरोबर पाठवतो' म्हणून नेलेत. ते त्याला मिळाले आहेत. तुम्ही टाकून दिले नाहीत, हे मानलं पाहिजे. फक्त ते आत्याने विणले, असं सांगितलंत. तो आत्याला थँक्यू म्हणायचा, तेही तुमच्याच हाती. राखाडीचं कोपर फाटलं तर त्याने स्वतः रफू केलं आहे, वाईट केलं आहे. मी घेऊन आले, उसवून पुन्हा करते आहे.

एक गोष्ट तुम्हाला लिहावी की नाही, असा विचार दोन दिवस केला. मी त्याला विचारलं, "तू एकदा तरी बसमध्ये बसायचं होतंस. एकाच बसचा तर रस्ता आहे." त्याने पायाने वाळू सारखी केली. म्हणाला, "बाबा यायचे. तेवढं तरी टिकावं असं वाटायचं. तुझ्याकडे आलो असतो आणि तू दार लावलं असतंस, तर घरी भांडण झालं असतं आणि बाबाही बंद झाले असते. शंका यायची मला, आई. पण विचारलं नाही."

म्हणजे दोघांनी. तुम्ही सांगून, त्याने न विचारून. त्याचं मी समजून घेईन, तो तेव्हा विशीतला होता आणि एकटा होता. पण घास अजून घशाखाली उतरलेला नाही, हे त्यालाही सांगितलं आहे.


२० जुलै

तुमचं लांबलचक पत्र तीनदा वाचलं. या वेळी नकाशा नाही, वारे नाहीत, सरळ लिहिलंत, त्याबद्दल बरं वाटलं. इतकी वर्षं लागली.

तुम्ही लिहिता की 'मला मेला' हे वाक्य तुमचं होतं. त्या दिवशी त्याने कॉलेज सोडल्याचं सांगितलं आणि तुम्ही रागात बोलून गेलात. मी माहेराहून परत आले तेव्हा मला ते सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून जहाज काढलंत. पुढे त्याला मैदानावर शोधून काढलंत तेव्हा त्याच्यासमोर उभं राहायला तोंड नव्हतं, म्हणून म्हणालात, "मी बोललो ते तुझ्या आईचे शब्द होते. मी तर तुझ्याच बाजूचा आहे." आणि त्याने तुम्हाला मिठी मारली.

पुढे लिहिता, "लहानपणापासून तो तुझाच होता. माझ्याकडे तो फक्त प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला यायचा. मैदानावर पहिल्यांदा तो माझी वाट बघत फाटकाशी उभा राहायला लागला. मला ते वाटून घ्यायचं नव्हतं."

हे खरं आहे. मला ते माहीत आहे. तो दुकानात माझ्या पायाशी लाकडाच्या पट्ट्यांशी खेळत मोठा झाला आणि तुम्ही वर वह्या तपासत बसायचात. तुम्ही एकटे पडला होता, हे मला तेव्हाही दिसायचं. म्हणून मी कितीदा त्याला वर पाठवायचे, "जा, बाबांना पृथ्वीचा गोल दाखवायला सांग." तुम्ही म्हणायचात, "आत्ता नको, काम आहे."

पण मी तुम्हाला एक विचारते. एकदा खोटं बोलून माणूस अडकतो, हे समजू शकते. भीतीने बोलतो, मग भीतीनेच तेच तेच बोलत राहतो. पण तुम्ही बंदरं निवडत होतात. आज अमुक बंदर, दोन महिन्यांनी तमुक. एकदा म्हणालात की त्याचं जहाज दुरुस्तीला थांबलंय, तिथे संत्री फार छान मिळतात. संत्र्यांची काय गरज होती? मी विचारलं नव्हतं. वादळाची बातमी लागली की मी पदराने हात पुसत टीव्हीसमोर येऊन उभी राहायचे आणि तुम्ही आवाज वाढवून द्यायचात, मला नीट ऐकू यावं म्हणून. त्याच सकाळी तुम्ही त्याच्याबरोबर चहा पिऊन आलेले असायचात. बोट तुमचं, समुद्र तुमचा, आणि बुडत मी होते.

याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही.

इकडचं सांगते. मी शनिवारी त्याच्याकडे जाते. पहिल्यांदा तिथे काठी हातात घेतली तेव्हा तो दुरून बघत होता. पाय खांद्याएवढे रुंद, गुडघे सैल, नजर चेंडूवर. मारला. चेंडू उंच गेला आणि सरळ गेला. मी मान वर केली नाही, फटक्याच्या आवाजावरूनच कळलं. म्हणाला, "आई, हे कुठे शिकलीस?"

मी म्हटलं, "पुस्तकात."

"कुठल्या?"

सांगितलं. तेव्हा कळलं की ते पुस्तक त्यानेच तुम्हाला दिलं होतं. देताना म्हणाला होता, "आईला दाखवा, त्यात चित्रं चांगली आहेत, तिला रेषा कळतात." तुम्ही म्हणालात, "बघू."

म्हणून ते पुस्तक पाठवत नाही. ते माझंच आहे.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो बोलला नसेल, पण तुमचा चेंडू नेहमी उजवीकडे पळतो असं तो सांगतो. तुम्ही धडा न वाचता नुसती चित्रं बघता. शेवटचं प्रकरण तर तुम्ही उघडलेलंही नसणार, त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. त्यात लिहिलंय की या खेळात बहुतेक वेळा पंच जवळ नसतो. आपला चेंडू झुडपात गेला तर तो कुठे पडला, किती फटके लागले, हे आपणच सांगायचं. कुणी बघत नसताना.


१४ ऑगस्ट

तुमच्या पत्रात या वेळी दोन प्रश्न आहेत. एक माझ्यासाठी, एक भुंग्यासाठी. तो तुमचा फोन उचलत नाही म्हणून तुम्ही त्याच्यासाठीचा निरोप माझ्याकडे दिलात: "त्याला विचार, मी रविवारी येऊ का? नाही म्हणाला तरी चालेल. पण मी विचारलं होतं, एवढं त्याला कळू दे."

हे वाचून मी खाली दुकानात जाऊन बसले. एक गिऱ्हाईक येऊन लग्नाचा फोटो चौकटीला देऊन गेलं. त्यांना कुठली पट्टी हवी ते मी विचारायलाच विसरले.

खरं सांगते, मनात आलं. शनिवारी मी जाणार होते, तो समोर बसणार होता, आणि तुमचा निरोप माझ्या पिशवीत. मी त्याला काहीही सांगू शकले असते. बाबांनी विचारलंच नाही. बाबा म्हणाले की तो मला नको. किंवा काहीच न सांगता तुम्हाला लिहू शकले असते की तो उठून आत गेला. तुम्हाला ते खरं वाटलं असतं. तुम्ही आयुष्यभर ताईंच्या घरच्या खिडकीत बसून ते खरं मानत राहिला असता, आणि तेव्हा तुम्हाला कळलं असतं की मी काय गिळत होते. बसमध्ये बसून मी ते वाक्य जुळवूनही पाहिलं. फार सोपं आहे. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

तो पाण्याच्या नळ्या तपासत होता. मी तुमचं पत्र त्याच्या हातात दिलं नाही, कारण त्यात आपल्या दोघांचं बरंच आहे. पण तुमची ती ओळ त्याला वाचून दाखवली, जशीच्या तशी, 'नाही म्हणाला तरी चालेल'सकट. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

त्याने नळी जोडली, पाणी सुरू करून पाहिलं, बंद केलं. मग मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मला काय वाटतं ते मी त्यांना माझं मी लिहीन. तुझं तू सांग."

संध्याकाळपर्यंत आम्ही दुसरंच बोलत होतो. मला बसवर सोडायला आला तेव्हा त्याने सांगितलं. त्याचे शब्द देते: "बाबांना म्हणावं, या. पण खेळायचं नाही. बाकावर बसायचं आणि मी विचारेन त्याला उत्तर द्यायचं. आणि आई तेव्हा इथे नसेल, तिच्याबद्दल जे बोलायचं ते ती ऐकत आहे असं समजून बोलायचं."

हा त्याचा निरोप. त्याने तीनदा म्हणवून घेतला माझ्याकडून, चुकू नये म्हणून. त्याला आता कुणाच्याच तोंडचा भरवसा नाही, माझ्याही नाही. त्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही.

माझं उत्तर वेगळं आहे. तुम्ही विचारलंत, घरी येऊ का. येऊ नका. मी रागाने लिहीत नाही, राग होता तेव्हा मी काचा कापल्या. तुम्ही घरात आलात की मला दर वेळी विचारावं लागेल, कुठे गेला होता, आणि तुम्ही जे सांगाल ते खरं की खोटं हे तपासावं लागेल. तसलं जगणं मला नको, आणि तुम्हालाही ते फार दिवस जमणार नाही. ताईंना मी वेगळं कळवलं आहे की 'घरी येऊ नका' हे मी म्हटलं आहे, तुमच्या मनाने तुम्ही तिथे राहिलेले नाही, म्हणजे त्यांचा गैरसमज होणार नाही.

रविवार तुमचा होता, तो तुमचाच राहू दे. त्या दिवशी मी मैदानावर येणार नाही. तुम्ही पहिल्या बसने निघालात तर तो फाटकाशी असेल. नसला, तर आत जाऊन बाकावर बसा आणि थांबा. येईल तो.